राणी, मोरपंखी आणि किरमिजी

भेंडी धुवायची, पुसून कोरडी करायची आणि मगच चिरायची, हे स्वयंपाकघरात कुणाला वेगळे शिकवावे लागत नाही. ओल्या भेंडीवर सुरी फिरली की तार सुटते आणि भाजीचा लगदा होतो. वऱ्हाडात चटणीसाठी जवस घरोघर असतो. मूठभर जवस रात्री पाण्यात टाकून ठेवा, सकाळी प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण आलेले दिसेल. वनस्पतींच्या या गुणाला आपण सरसकट तार, चीक असे काहीतरी म्हणतो. स्वतःच्या शरीरातल्या बुळबुळीतपणाला मात्र आपण जागेप्रमाणे नावे दिली आहेत. नाकात तो शेंबूड, छातीत कफ, तोंडात लाळ आणि शौचावाटे पडू लागला तर आव. नावे चार असली तरी त्या सगळ्यांना चिकटपणा देणारे कूळ एकच आहे. त्याचे नाव म्युसिन.

बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांसमोर आणा. मधली तार म्हणजे प्रथिनाचा लांब धागा आणि चहूबाजूंनी उभे असलेले केस म्हणजे साखरेच्या साखळ्या. म्युसिनच्या रेणूची ठेवण साधारण अशी असते, आणि त्याच्या वजनात प्रथिनापेक्षा साखरेचाच वाटा मोठा. या साखळ्या पाणी धरून ठेवतात, म्हणून म्युसिन फुगते, सरकते, चिकटते. जठरातले आम्ल मटण पचवते, मग खुद्द जठराला का पचवत नाही? आतून लिंपलेल्या याच थरामुळे. श्वासातली धूळ फुप्फुसापर्यंत न जाता वाटेत अडकते तीही यातच.

इतक्या उपयोगी पदार्थाची एक अडचण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो नीट दिसत नाही. कर्करोगाच्या निदानात तर कधी कधी सगळा प्रश्न एवढाच उरतो की या पेशीत म्युसिन आहे की नाही. न दिसणाऱ्या या पदार्थाला बोलते करणाऱ्या तीन रंगांची ही गोष्ट आहे. तिन्ही जुने आहेत, तिन्ही स्वस्त आहेत आणि त्यांची गरज अजून संपलेली नाही.

तुकड्याचा प्रवास

समजा, मानोरा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला दोन-तीन महिने अन्नावर वासना नाही, पोट जड वाटते, वजन उतरले आहे. दुर्बिणीने तपासताना डॉक्टरांना जठराच्या आतल्या बाजूला एक जाड, ताठर पट्टा दिसतो. ते तिथले तांदळाच्या दाण्याएवढे काही तुकडे काढतात. ‘तुकडा तपासणीला पाठवला आहे,’ असे घरी सांगितले जाते आणि घरात एकदम शांतता पसरते.

तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडतो. बाजारात मिळणारे जाड फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग असे त्याचे प्रमाण. फॉर्मॅलिनमुळे पेशी होत्या त्या स्थितीत थिजतात, कुजणे थांबते. मग तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढतात, त्याच्या जागी वितळलेले मेण भरतात आणि मेणाचा छोटा ठोकळा तयार होतो. लॅबमध्ये त्याला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम या यंत्रावर त्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे सुमारे वीस काप बसतील. कोमट पाण्यावर तरंगणारा तो काप काचपट्टीवर अलगद उचलून घेणे ही टेक्निशियनच्या हाताची कला आहे. घाई केली की कापाला चुण्या पडतात.

इतका पातळ काप जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून त्याला रंगवावे लागते. जगभर पहिला रंग एकच: हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिनची जोडी. हेमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघते. ते पेशीच्या केंद्रकाला निळे-जांभळे करते. इओसिन बाकीच्या प्रथिनांना गुलाबी करते. १८७०च्या दशकात जमलेली ही जोडी आजही रोजच्या कामाचा कणा आहे. म्युसिन मात्र या दोघांनाही फारशी दाद देत नाही. पेशीच्या पोटात ते साठले असेल तर तिथे फिकट, धुरकट, कधी किंचित निळसर पोकळी तेवढी दिसते. तशीच पोकळी चरबीमुळे दिसते, साखरेच्या साठ्यामुळे दिसते, नुसत्या पाण्यानेही दिसते. मग पॅथॉलॉजिस्ट मागणीपत्रावर दोन शब्द लिहितात: स्पेशल स्टेन.

मानोरा ज्या जिल्ह्यात येतो त्या वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या इथल्या शाखेतला राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवून घेतले. तिथल्या चित्रकारांनी गेरू वापरला, लाजवर्दाचा निळा वापरला. चित्रकार जिथे कुंचला टेकवेल तिथे रंग बसतो. लॅबमधल्या रंगाचे तसे नाही. तो सगळ्या कापावर ओततात, आणि कुठे बसायचे हे तो स्वतः ठरवतो. त्याला ठरवता यावे अशी रसायनाची मांडणी आधी करावी लागते.

राणी

१९४६ साली जे. एफ. ए. मॅकमॅनस यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. विषय होता म्युसिन दाखवण्याची नवी रीत. आज तिला पीएएस म्हणतात. त्यातल्या पहिल्या अक्षरामागचा शब्द अनेक विद्यार्थी ‘पिरिऑडिक’ असा वाचतात. खरा उच्चार ‘पर-आयोडिक’. ते आयोडीनचे आम्ल आहे, आवर्त सारणीशी त्याचे काही नाते नाही.

हे आम्ल साखरेच्या कड्यातली एक विशिष्ट जागा शोधते आणि तिथले बंधन तोडते. तुटलेल्या दोन्ही टोकांना अल्डिहाइड तयार होते. मग येते शिफचे द्रावण. ह्यूगो शिफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये दाखवले होते की फुक्सिन हा भडक रंग गंधकाच्या संयुगाने रंगहीन करता येतो, आणि अल्डिहाइड भेटताच तो पुन्हा रंग धरतो. म्हणजे बाटलीत पाण्यासारखे दिसणारे द्रावण कापावर जिथे साखर होती तिथेच रंगते.

हा सगळा खेळ पाहण्यासारखा असतो. काप पाच-दहा मिनिटे आम्लात, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन साधारण पंधरा मिनिटे शिफच्या द्रावणात. बाहेर काढला तेव्हा तो फिका गुलाबी असतो. मग काचपट्टी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायची. पाहता पाहता रंग चढतो, आणि पैठणीच्या दुकानात ज्याला आपण राणी रंग म्हणतो तो काचेवर उमटतो.

शिफचे द्रावण नाजूक आहे. उन्हाळ्यात विदर्भाचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा ही बाटली टेबलावर राहिली तर तिच्यातला गंधकाचा वायू उडून जातो आणि द्रावण आपोआप गुलाबी होऊ लागते. ते वाया गेले असे समजायचे. म्हणून ते गडद बाटलीत, फ्रीजमध्ये ठेवतात. ताजेपणाची परीक्षाही सोपी आहे: थोड्याशा फॉर्मॅलिनमध्ये काही थेंब टाकायचे. झटकन लालसर जांभळा रंग आला तर द्रावण चांगले. रंग रेंगाळत आला आणि निळसर वाटला तर बाटली ओतून द्यायची.

पीएएसची एक खोड आहे. म्युसिनसारखाच तो ग्लायकोजेनलाही रंगवतो. ग्लायकोजेन म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर. बुरशीच्या भिंतीही त्याला आवडतात. मग ग्लायकोजेनला वजा कसे करायचे? डायस्टेज नावाच्या विकराने. ते ग्लायकोजेन खाऊन टाकते, म्युसिनला हात लावत नाही. शेजारी शेजारी दोन काप घ्यायचे, एकावर आधी डायस्टेज, दुसरा तसाच. दोन्हीत रंग राहिला तर म्युसिन. एकात उडाला तर ग्लायकोजेन. डायस्टेजची बाटली नसेल तर जुन्या टेक्निशियनांकडे फुकटचा उपाय असे: आपली थुंकी. भात चघळत राहिल्यावर गोड लागतो तो लाळेतल्या ज्या विकरामुळे, तेच इथे कामाला येते.

मोरपंखी

दुसरा रंग कपाशीच्या घरून आलेला आहे, म्हणून वाशिमच्या वाचकाला तो जवळचा वाटावा. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने १९४०च्या दशकात सुती कापडासाठी अल्सियन ब्लू नावाचा रंग तयार केला. त्याच्या गाभ्यात तांब्याचा अणू आहे आणि त्याभोवती थॅलोसायनीन नावाचे मोठे कडे. या कड्यांच्या कुळाचा शोध अपघाताने लागला. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात भांड्याच्या आतला काचेचा थर तडकला, द्रव लोखंडाला लागला आणि न मागितलेला निळा-हिरवा पदार्थ तयार झाला.

अल्सियन ब्लूला कापडातून स्लाइडवर आणले एच. एफ. स्टीडमन यांनी, १९५० मध्ये. या रंगावर धन विद्युतभार असतो. आतड्यातल्या आणि लाळग्रंथीतल्या अनेक म्युसिनांवर आम्लगट, म्हणजे ऋण भार असतो. दोघे एकमेकांना धरतात आणि सुंदर मोरपंखी निळा रंग बसतो. द्रावणाचा आम्लपणा बदलला की उत्तर आणखी बारीक होते. सामू २.५ ठेवला तर बहुतेक सगळी आम्ल म्युसिने रंगतात. सामू १ वर आणला तर फक्त गंधकाचे गट असलेली रंगतात.

१९५६ मध्ये रॉबर्ट मोव्री यांनी दोन्ही रंग एकाच काचपट्टीवर आणले. आधी अल्सियन ब्लू, मग पीएएस. आम्ल म्युसिन मोरपंखी, उदासीन म्युसिन राणी, आणि दोन्ही मिसळलेली असतील तिथे जांभळे. या जोडरंगात निरोगी जठराचा पृष्ठभाग राणी रंगाचा दिसतो, कारण तिथले म्युसिन उदासीन असते. निरोगी आतड्यात निळ्या थेंबांनी भरलेल्या सुरईसारख्या पेशी दिसतात. आता जठराच्या तुकड्यात अशा निळ्या सुरया दिसू लागल्या तर? याचा अर्थ जठराच्या अस्तराने आतड्याचे रूप घ्यायला सुरुवात केली आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूंचा संसर्ग वर्षानुवर्षे राहिला की असे होऊ शकते. हा कर्करोग नव्हे, पण त्या वाटेवरचा एक टप्पा आहे. राणी रंगाच्या शेतात उगवलेली ती निळी रोपे पॅथॉलॉजिस्टच्या नजरेतून सुटत नाहीत.

किरमिजी

तिसरा रंग सगळ्यांत जुना. ‘किरमिजी’ हा आपला शब्द फारसी-अरबी ‘किर्मिज’वरून आला. किर्मिज म्हणजे लाल रंग देणारा किडा. निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील किड्यांपासून मिळणारा कार्माइन हा त्याच जातीचा रंग. नेपल्सच्या प्राणिशास्त्र केंद्रात काम करणाऱ्या पॉल मायर यांनी १८९६ मध्ये त्याचा म्युसिनसाठी उपयोग दाखवला आणि साउथगेट यांनी १९२७ मध्ये त्यात सुधारणा केली. त्याला म्युसिकार्मिन म्हणतात. ॲल्युमिनियमच्या साथीने कार्माइनला धन भार मिळतो आणि तो आम्ल म्युसिनला जाऊन चिकटतो.

त्याची पार्श्वभूमी पिवळी करण्यासाठी मेटॅनिल यलो वापरतात. हे नाव ओळखीचे वाटले असेल. हळदीत आणि तूरडाळीत भेसळीसाठी वापरला जाणारा, अन्नात बंदी असलेला रंग तो हाच. ताटात गुन्हेगार ठरलेला हा रंग काचपट्टीवर मात्र निमूट काम करतो.

म्युसिकार्मिनची एक खास कामगिरी कर्करोगाच्या बाहेरची आहे. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणात क्रिप्टोकॉकस नावाचे यीस्ट शिरते. त्याच्याभोवती जाड, बुळबुळीत कवच असते. ऊतींत ते कवच म्युसिकार्मिनने लालभडक उठून दिसते. इतर बहुतेक यीस्टांना असे कवच नसते, म्हणून हा लाल गोल म्हणजे जवळजवळ ओळखपत्रच.

अंगठी की चरबी

आता मानोऱ्याच्या त्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याच्या जठराच्या कापात ग्रंथींच्या मध्ये काही विखुरलेल्या, फुगलेल्या, फिकट पेशी आहेत. त्यांचे दोन अर्थ होऊ शकतात. एक: चरबी गिळून बसलेल्या निरुपद्रवी पेशी, ज्यांच्यामुळे काहीही बिघडत नाही. दोन: ‘सिग्नेट रिंग’ पेशी, म्हणजे पोटात म्युसिन इतके भरलेले की केंद्रक एका कडेला दाबले गेले आणि पेशी खडा बसवलेल्या अंगठीसारखी दिसू लागली. हा जठराचा घातक कर्करोग आहे. तो गाठ करून बसत नाही. एकेकटी पेशी अस्तराखालून पसरत जाते आणि पहिल्या रंगात सहज हुकते.

डायस्टेजनंतरच्या पीएएसने या दोन अर्थांमधला गुंता सुटतो. चरबीच्या पेशी रंगहीनच राहतात. अंगठीच्या पेशी राणी रंगाने भरतात, अल्सियन ब्लूने बऱ्याचदा मोरपंखीही होतात. मात्र सावध राहावे लागते. सांडलेले म्युसिन गिळणाऱ्या साध्या सफाई करणाऱ्या पेशीही रंग घेतात. म्हणून रंग पाहून झाल्यावर पॅथॉलॉजिस्ट केंद्रकाचा आकार, पेशींची रचना आणि दुर्बिणीतले चित्र हे सगळे एकत्र ठेवून मगच निदानावर सही करतात.

तोंडाच्या बाबतीत हाच प्रश्न उलटा पडतो. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या खर्‍याने तोंडाच्या कर्करोगाला किती घरांत नेले हे वेगळे सांगायला नको. आपल्या सवयी आणि आपले कर्करोग यांचे नाते शास्त्रीय पद्धतीने मांडणारे पहिले मोठे मराठी नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८). १९४१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. तंबाखूच्या कर्करोगाबरोबरच, धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद त्यांनी केली. तंबाखूचा हा कर्करोग बहुधा कातडीसारख्या चपट्या पेशींचा असतो आणि त्यात म्युसिन नसते. पण टाळूला किंवा गालाच्या आत कधी लाळग्रंथीची गाठ निघते. त्यातल्या म्युकोएपिडर्मॉइड नावाच्या कर्करोगात चपट्या पेशी आणि म्युसिनच्या पेशी एकत्र नांदतात. चार-दोन पेशींत म्युसिन सापडले की रोगाचे नाव बदलते, आणि नावाबरोबर त्याचा स्वभाव आणि उपचारही.

फुप्फुसातही तसेच. दाट, बेढब पेशींच्या गाठीत म्युसिन दिसले तर तो ग्रंथीचा कर्करोग ठरतो. काही औषधे चपट्या पेशींच्या कर्करोगाला देत नाहीत, ग्रंथीच्या कर्करोगाला देतात. तेव्हा हा फरक कागदापुरता राहत नाही.

आज अशा प्रश्नांसाठी प्रतिपिंडांवर चालणाऱ्या इम्युनो तपासण्या आहेत. त्या नेमक्या आहेत, पण खर्चिक आहेत आणि सगळीकडे होत नाहीत. पीएएस एका दुपारी होतो. त्यासाठी लागते ती रसायनांच्या काही बाटल्यांची रांग, सावध हात आणि प्रत्येक वेळी शेजारी ठेवलेली एक ‘कंट्रोल’ काचपट्टी. ती बहुधा शस्त्रक्रियेत काढलेल्या अपेंडिक्सची किंवा आतड्याची असते, कारण तिथे म्युसिन हमखास असते. कंट्रोल रंगली नाही तर त्या दिवशीचे सगळे निकाल रद्द.

१९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले, आणि वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला पॅथॉलॉजी हा विषय असतो. खर्‍याच्या, कपाशीच्या आणि ४५ अंशांच्या या जिल्ह्यात शिकणाऱ्या मुलांनी राणी आणि मोरपंखी रंग स्वतःच्या हाताने एकदा तरी चढवून पाहावा.

वाचकासाठी चार गोष्टी

रंग कितीही चांगला असो, तो तुकड्याच्या पहिल्या अर्ध्या तासाची चूक भरून काढू शकत नाही. तुमच्या घरी कुणाचा तुकडा काढायची वेळ आली तर एवढे लक्षात ठेवा. तुकडा सलाइनमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा ओल्या कापसात ठेवून पाठवू देऊ नका. तो काढल्याबरोबर फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट तरी हवे. ते तुकड्यात तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते, म्हणून मोठी गाठ असेल तर डॉक्टर ती चिरून ठेवतात. फॉर्मवर त्रास, वय, सवयी आणि तुकडा नेमका कुठून घेतला हे लिहिले आहे का, ते विचारून घ्या. रिकाम्या फॉर्मवर पॅथॉलॉजिस्टला कोणता रंग मागवावा हेच कळत नाही.

आणि शेवटचे: रिपोर्ट मिळाला की काम संपले असे समजू नका. त्या मेणाच्या ठोकळ्याची चौकशी करा. नीट ठेवला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. दुसरे मत घ्यायचे असेल, नवी तपासणी करायची असेल, तर पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. त्याच ठोकळ्याचा नवा काप काढून त्यावर हवा तो रंग चढवता येतो. मुंबईला किंवा नागपूरला निघताना पिशवीत रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्याही घ्या.